माल संपलाय, असं मी सांगितलं

मी माझ्या लेकीशी खोटं बोललो. रविवारी सकाळी अकरा वाजता, सोलापूरच्या नवी पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात, काउंटरला टेकून. तिला हवा असलेला डबा माझ्यापासून दीड हातावर होता. माझ्या आड दुकानदार फडक्यानं त्याच्यावरची धूळ पुसत होता. ती दारापाशी रिमोटची गाडी बघत रेंगाळली होती, ती आत आली आणि म्हणाली, "पप्पा, घेतला का लाल डबा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माल संपलाय, बाळा."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या डब्याकडे बघितलं. मग अत्यंत शांतपणे, देवघरात निरांजन ठेवावं तसा, त्यानं तो डबा काउंटरच्या खाली ठेवला आणि म्हणाला, "होय की. संपलाय. कंपनीकडनंच येईना झालाय."

आजवर इतक्या चटकन माझ्या मदतीला कोणी आलं नव्हतं, आणि आलं ते असं.

आता हे सगळं मुळापासून सांगायला पाहिजे, नाहीतर मी नुसताच खोटारडा वाटेन. खोटारडा आहेच, पण थोडं कारणही आहे.

माझी लेक सहावीत आहे. वाढदिवसाला फ्रॉक नको, घड्याळ नको, रोबोटिक्सचा सेट पाहिजे, असं तिनं जाहीर केलं. मी आनंदानं फुललो. मी एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझ्या हातानं इतक्या इंजिनीअरांचे दाखले गेलेत की घरात एक तयार होणार या कल्पनेनंच मला ऑफिसात दोन कप चहा जास्त गेला. पहिल्या रविवारी आम्ही दोघं नुसते बघायला गेलो. दुकानदारानं दोन डबे पुढे ठेवले. काळा डबा महाग होता. त्यात मोबाईलवरून चालणारी गाडी, सेन्सर, बोलणारा मेंदू. लाल डबा स्वस्त. त्यात दाताळी चाकं, दांडे, पट्ट्या, हातानं फिरवायची एक मूठ, एक साधी मोटर आणि सेल घालायची डबी. स्क्रीन नाही, आवाज नाही, काही नाही.

लेकीनं काळ्या डब्याकडे पाहुणीकडे बघावं तसं आदरानं बघितलं आणि लाल डबा मांडीवर घेतला. डब्यावर एक चित्र होतं. मूठ फिरवली की दोन पट्ट्या आळीपाळीनं वरखाली होतात, असं काहीतरी. तिनं त्या चित्रावर बोट ठेवलं.

"पप्पा, हे बघा. एक वर, एक खाली. ताताच्या मागासारखं."

ताता म्हणजे तिचे आजोबा, माझे वडील. आम्ही घरात तेलुगू बोलतो आणि दाराबाहेर मराठी. लेक दोन्हीची खिचडी करते, पण आजोबांना ताताच म्हणते. माझ्यासाठी ते नायना. नायनांनी उभी हयात यंत्रमागावर काढली. टॉवेल विणले, चादरी विणल्या, आणि शेवटी माग बिघडला की तो दुरुस्त करायला त्यांनाच बोलावू लागले. आता घरी असतात. कान बऱ्यापैकी गेलेत, मागाच्या खडखडाटानंच. लेक शाळेतून आली की त्यांच्या शेजारी बसते आणि ते तिला ओरडून गोष्टी सांगतात, म्हणजे स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडतात. गोष्टी राजाराणीच्या नाहीत. ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे दोन थरांत कसे उघडतात, मधल्या फटीतून आडवा दोरा घेऊन धोटा कसा पळतो, मागून फणी दोरा कसा ठोकते, असल्या. तिच्या डोक्यात एकच भरलं होतं: एक छोटा माग करायचा, ताताबरोबर, आणि त्यावर बोटभर रुंदीची पट्टी विणून दाखवायची.

"बघू," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी घेऊ."

आणि तो अख्खा आठवडा माझं डोकं फिरलेलं होतं.

हे लिहायला मला अवघड जातंय. मी लहान असताना शाळेत जायच्या आधी आरशासमोर उभा राहून केसांतला कापूस वेचायचो. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. कापसाचा भुगा जेवणात, वहीत, भुवयांत. तरी एखादा धागा राहायचाच, आणि वर्गात मागच्या बाकावरून फुंकर मारून कोणीतरी म्हणायचं, "काय रे, म्हातारा झालास की!" वर्ग हसायचा. मीही हसायचो. पुढे नायना शेठच्या कारखान्यात लागले. दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांनी मला एक दिवस तिथं नेलं आणि चार मागांच्या मधे एक अख्खी पाळी उभं केलं. काही काम सांगितलं नाही. नुसतं उभं राहायचं. संध्याकाळी बाहेर आल्यावर माझ्या कानांत शिट्टी वाजत होती. ते म्हणाले, "ऐकलंस? आता अभ्यास कर."

मी केला. टाय नसला तरी इस्त्रीचा शर्ट घालतो, टेबलावर काच आहे, काचेखाली सुट्ट्यांची यादी आहे. आणि माझी लेक, जिच्या केसांत आयुष्यात कधी कापूस अडकला नाही, ती वाढदिवसाला मागच मागत होती.

ऑफिसात मी पाच-सहा जणांना विचारलं. म्हणजे उत्तर ठरवून विचारलं. "हल्ली मुलांना कोडिंगचंच द्यायला पाहिजे, नाही का?" असं विचारल्यावर कोण नाही म्हणणार? आमचे कॅशिअर म्हणाले, "अहो, माझा पुण्याचा नातू साडेचार वर्षांचा आहे, तो रोबोटला शिव्या देतो." एक प्राध्यापक आत डोकावून म्हणाले, "दाताळी चाकं? ते तर आपल्या वेळचं झालं." झालं. मला पाहिजे होतं ते मिळालं.

लेकीला सरळ नाही म्हणून सांगता आलं असतं. पण तिला नाही म्हटलं की ती "का?" विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत समोर उभी राहते. त्या का-चं उत्तर मला द्यायचं नव्हतं. दिलं असतं तर ते शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही ऐकू गेलं असतं, कान कितीही गेलेले असोत.

म्हणून माल संपला.

तर काळा डबा घरी आला. लेकीनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. ती उलट मला म्हणाली, "जाऊ द्या पप्पा, तुम्ही तरी काय करणार." त्या दुपारी मी भात ताटात तसाच टाकून उठलो. दोन दिवसांत तिनं गाडी जोडली. गाडी काळ्या रेघेवरून चालायची, इंग्रजीत बोलायची, डावीकडे वळताना सांगायची, उजवीकडे वळताना सांगायची. आमच्या फरशीच्या सांध्यालाच ती रेघ समजली आणि कपाटाखाली जाऊन तिथून बोलत राहिली. माझी बायको झाडू घेऊन वाकली.

"अहो, ही माझ्यापेक्षा जास्त इंग्रजी बोलते. केर तेवढा काढत नाही."

नायनांनी गाडी हातात घेतली, उलटी केली, कानाशी नेली, हलवली.

"याच्या आत काय आहे?"

"ताता, ते उघडत नाही!" लेक त्यांच्या कानात ओरडली.

"उघडत नाही? मग बिघडलं तर?"

"नवीन आणायचं!"

नायनांनी गाडी हळूच खाली ठेवली, जशी दुसऱ्याची वस्तू ठेवतात. आठवड्याभरात ती शोकेसमध्ये गेली, गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या लाकडी बैलजोडीच्या शेजारी.

इथंच सगळं संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. पण माझ्या लेकीचा चित्रकलेचा क्लास दुकानाच्याच गल्लीत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि "माल संपलाय" याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता, तो म्हणजे माल येईल. ती प्रत्येक वेळी जाताना दुकानात डोकावू लागली.

तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराचा मला ऑफिसात फोन आला.

"साहेब, तुमची पोरगी परत येऊन गेली."

"मग?"

"मग काय मग! ती आली की मी डबे खाली ढकलायलोय. आज एक गिऱ्हाईक तोच डबा बघायला लागलेलं, तेवढ्यात ही दारात. मी गिऱ्हाइकाच्या हातातनं हिसकावून घेतला. ते बिचारं म्हणतंय, अहो मला पाहिजे, मी म्हणतोय, नाही, संपलाय!"

मला हसू आलं, आणि मी ते खोकला म्हणून खपवलं. समोर प्राचार्यांची सही घ्यायची फाइल होती.

"हसू नका," तो म्हणाला. "आज ती काय म्हणाली माहीत आहे का? काका, तुम्ही कंपनीला फोन तरी केलात का? मी म्हटलं, केला की. ती म्हणाली, आत्ता करा की माझ्यासमोर. साहेब, मी मोबाईल कानाला लावून पाच मिनिटं एकटाच बोललो. कन्नडमध्ये बोललो, म्हणजे तिला कळू नये. अहो, मी सकाळी कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसतो. आणि तुमच्यापायी एका लेकराशी खोटं बोलायलोय. किती दिवस ठेवू हे?"

"थोडे दिवस. ती विसरेल."

"ही? ही विसरणार?" तो हसला. "तुमचीच पोरगी आहे ना, की दुसऱ्याची घेऊन आला होता?"

ती विसरली नाही. ताता आणि नात दोघांनी मिळून, सेट येईपर्यंत, घरच्या सामानावर माग बसवायला घेतला. बुटांच्या खोक्याची चौकट. नायनांनी जुन्या चादरीच्या झालरीतून दोरे काढून ताणा लावला, आणि तो इतका नीट लावला की बायकोनं बघायला शेजारणीला बोलावलं. अडलं ते वरखाली करणाऱ्या भागापाशी. दोन चौकटी, एक वर जाताना दुसरी खाली यायला पाहिजे, न चुकता. त्यासाठी दाताळी चाकं हवीत. नायनांनी माझ्या जुन्या स्लिपरच्या तळव्यातून दोन चाकं कापली. रबर वाकायचं. मग बाटल्यांची झाकणं. झाकणं घसरायची. मग बायकोच्या प्लॅस्टिकच्या बांगडीला पुठ्ठ्याचे दात चिकटवले. सात फेऱ्यांपर्यंत चालली, आठव्या फेरीला दात गळून पडले. घरात रोज संध्याकाळी आरडाओरडा.

"ताता, तुम्ही जोरात फिरवता!"

"मी? अगं, मी मागावर असं फिरवलं असतं तर शेठनं मला घरी पाठवलं असतं! तूच घाई करतेस."

"मला घाई आहेच!"

"कसली घाई गं तुला? पंचवीस वर्षं माझा माग कुणाला थांबला नव्हता. हा थांबेल की दोन महिने."

मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. पेपराची घडी पडते तिथं एक बातमी मी तीन-तीनदा वाचली असेल.

मग एका संध्याकाळी तिनं माझ्या हातात वहीचं फाडलेलं पान ठेवलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

"पप्पा, हे इंग्रजीत करून कंपनीला पाठवा ना. डब्यावर ई-मेल आहे, काळ्या डब्यावर. कंपनी तीच आहे, मी बघितलं."

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. मी त्यातला थोडा भाग इथं उतरवतो.

"आदरणीय कंपनी, सविनय नमस्कार. मी सहावीत शिकते आणि सोलापुरात राहते. तुमचा लाल डब्याचा सेट आमच्या गावात संपला आहे. माझ्या पप्पांनी खूप प्रयत्न केला. दुकानातले काकाही चांगले आहेत, ते तुम्हाला फोन करतात, पण तुमच्याकडे कन्नड येणारा माणूस बहुतेक नवीन आहे. कृपया तो सेट बनवणं बंद करू नका. आमच्याकडे माग खूप आहेत, त्यामुळे इथे तुमचा सेट खपेल. माझे ताता म्हणतात घाई नाही, पण हल्ली बारीक दोरा बघताना त्यांचे डोळे त्रास देतात, म्हणून मला आहे."

मी आयुष्यभर पत्रांचे मसुदे केले. सवयीनं माझा पेन "विषय" लिहायचं राहिलं म्हणून वर गेला, आणि तिथंच थांबला. "माझ्या पप्पांनी खूप प्रयत्न केला." हे वाक्य खोडायला पाहिजे होतं, आणि ते खोडायचा अधिकार मलाच नव्हता.

मी पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेलं. तिसऱ्या दिवशी लेकीनं विचारलं, "पाठवलंत?"

"पाठवलं," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा जास्त सहज आलं, हे मला त्या वेळी जाणवलं आणि मी घाबरलो.

त्या आठवड्यात पाणी गुरुवारी आलं. पाणी आलं की आमच्या घरी सगळं बाजूला पडतं. नळाला नळी, नळीखाली पिंप, पिंप भरलं की घागरी, घागरी भरल्या की बायकोच्या नजरेला पडेल ते प्रत्येक भांडं. त्या सकाळी लेक शाळेत गेलेली, बायको गच्चीवर टाकीपाशी. खाली नायना नळी धरून आणि मी बादल्या उचलून. पाण्याचा आवाज होता म्हणून असेल, त्यांनी माझ्याकडे न बघता एकदम विषय काढला.

"तीन होते."

"काय तीन?"

"लाल डबे. दुकानात. मी गेलो होतो, सुटी चाकं मिळतात का बघायला. फळीवर तीन डबे होते. एकावर एक."

माझ्या हातातली बादली पायावर सांडली.

"कधी गेला होता?"

"झाले पंधरा दिवस. स्लिपर कापायच्या आधी."

म्हणजे स्लिपर, झाकणं, बांगडी, हे सगळं त्यांनी माहीत असून केलं होतं. पंधरा दिवस एक माणूस रबराची चाकं कापत होता, कारण प्लॅस्टिकची चाकं माझ्या खोट्याच्या मागे फळीवर ठेवलेली होती.

"मग बोलला का नाहीत, नायना?"

"काय बोलू? पोरीसमोर तिच्या बापाला खोटं पाडू?" त्यांनी नळी दुसऱ्या पिंपात टाकली. "दुकानदारानं सगळं सांगितलं मला. बिचाऱ्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, आजोबा, यातनं सोडवा मला."

मी बादली खाली ठेवली. मग बोललो. जे मी लेकीला सांगू शकलो नव्हतो, ते ओल्या पायांनी उभं राहून ओरडून सांगितलं, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. म्हणालो, तुम्हीच मला त्यातून बाहेर काढलंत, तुम्हीच मला तिथं उभं केलंत, मला वाटलं, तिनं परत तिकडे बघूच नये. मी तुमचंच पुढे चालवत होतो.

त्यांनी ऐकलं. वरून बायकोनं "अहो, कोणाशी भांडताय?" म्हणून विचारलं.

"मी तुला आवाजातनं बाहेर काढलं," नायना म्हणाले. "आवाज वाईट. धूळ वाईट. पगार वाईट. माग वाईट आहे असं मी कधी म्हणालो?" नळी सावरत म्हणाले, "चार माणसांचं काम एक दांडा फिरवून होतं ते. मला अजून त्याची गंमत वाटते. तुला कधी दाखवलीच नाही मी. वेळ नव्हता. आता ती बघायलीय तर बघू दे की."

पिंप भरून वाहायला लागलं. आम्ही दोघंही त्याकडे बघत राहिलो, आणि बायको वरून ओरडली तेव्हा नळी काढली.

संध्याकाळी ऑफिसातून मी सरळ दुकानात गेलो. दुकानदारानं मला बघितलं आणि न विचारताच लाल डबा काउंटरवर ठेवला. धूळ पुसलेला. बहुतेक रोज पुसत असावा.

"एक सुचवू का, साहेब?" तो हळूच म्हणाला. "कशाला सगळं उकरून काढता? घरी जाऊन सांगा, आजच आला माल. कंपनीनं पाठवला. पोरगी खूश, तुम्ही सुटला, मी पण सुटलो."

मी खरं सांगतो, मला ते पटलं. इतकं पटलं की स्कूटरवर घरी येताना मी गुणगुणत होतो. किती सोपं होतं. नायनांनीही 'बघू दे' एवढंच म्हटलं होतं, कबुली द्यायला कुठं सांगितलं होतं? असा हिशोब मी सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेलो असताना केला, आणि सिग्नल सुटला तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

घरात पाऊल टाकलं आणि मला खोटं बोलावंही लागलं नाही. लेकीनं पिशवीतून डोकावणारा लाल कोपरा बघितला आणि घर डोक्यावर घेतलं.

"माझं पत्र पोचलं! ताता! कंपनीनं पत्र वाचलं! आई, बघ, मी म्हटलं होतं ना, लिहिलं की होतं!"

मी हसलो. नुसता हसलो, हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी तिच्या भुवया वर गेल्या. लेकीनं जमिनीवर चादर अंथरली आणि डबा ओतला. पिवळी चाकं, निळी चाकं, दांडे, पट्ट्या. नायना भिंतीला टेकून खाली बसले, गुडघे कुरकुरले. त्यांनी एक चाक उचललं, दुसऱ्याच्या दातांत दात अडकवले आणि अंगठ्यानं फिरवलं. दुसरं उलट्या बाजूला फिरलं. त्यांनी परत फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. मागावर असताना मी त्यांचा चेहरा कधी बघितलाच नव्हता, मी केसांतला कापूस बघत होतो.

"ये, बस," ते नातीला म्हणाले. "आधी मोठा दांडा दे."

"एक मिनिट, ताता." ती उठली आणि दप्तरातून वही घेऊन आली. "आधी आभाराचं पत्र. पप्पाच म्हणतात, कोणी काम केलं की आधी आभार मानायचे, मग बाकीचं." ती माझ्या पायाशी मांडी घालून बसली, पेनाचं टोपण दातांत. "पप्पा, ओळख झाल्यावर 'आदरणीय'च लिहायचं की 'प्रिय' चालेल? त्यांनी एवढं ऐकलं माझं."

नायना चाकावरून वर बघत नव्हते. ते मुद्दाम बघत नव्हते, हे मला दिसत होतं. मला उरलेलं आयुष्य दिसलं. तिला मोठेपणी कुठंतरी, कोणालातरी ही गोष्ट सांगताना मी ऐकलं: मी सहावीत असताना एका कंपनीला पत्र लिहिलं आणि त्यांनी माझ्यासाठी सेट पाठवला. ती ते हसत सांगेल. आणि मी तिथं बसलेला असेन.

"लिहू नकोस," मी म्हणालो.

"का?"

ती उठून समोर उभी राहिली. नेहमीसारखी, उत्तर मिळेपर्यंत.

मी खाली बसलो, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये.

"कंपनीनं काही केलेलं नाही, बाळा. तुझं पत्र मी पाठवलंच नाही. ते माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि सेट संपलाच नव्हता."

"कधी नव्हता?"

"कधीच. त्या रविवारी तो काकांच्या हातात होता. तू आत आलीस तेव्हा."

तिनं हिशोब केला. मला तिच्या चेहऱ्यावर एकेक मंगळवार आणि शुक्रवार दिसले.

"म्हणजे काका फोनवर..."

"कोणाशीच बोलत नव्हते. मी त्यांना तसं करायला लावलं. त्यांचा दोष नाही."

"मग तुम्ही सरळ नाही म्हणायचं होतं की." तिचा आवाज फुटला. "मी भांडले असते. पण मग मी तिथं विचारायला गेले नसते ना. सगळे मला हसले असतील."

"कोणी हसलं नाही. आणि सरळ नाही म्हणायला मला कारण सांगावं लागलं असतं. तू माग करावास असं मला वाटत नव्हतं. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. अजून वाटत होती. ते मला ताताच्या समोर बोलून दाखवायचं नव्हतं, म्हणून मी तुला फसवलं."

नायनांनी आता चाक खाली ठेवलं होतं. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचावा एवढा मोठा नव्हता, म्हणून मी तो मोठा केला. शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला, तरी मी थांबलो नाही.

"मी दोनदा खोटं बोललो," मी म्हणालो, आधी तिच्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघून. "एकदा दुकानात, एकदा पत्राचं. आणि आज तिसऱ्यांदा, नुसतं गप्प राहून. नायना, तुमच्या कामाची मला लाज वाटली, आणि तुम्ही ते माहीत असून माझी लाज राखलीत. बाळा, तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी त्याचा फायदा घेतला. माझं चुकलं. तुम्हा दोघांची मी माफी मागतो."